कानशिलावरची तीट

माहं माहेर अल्लीपूरचं, सासर जामचं. हायवेवर आमची आलुबोंड्याची टपरी हाये अन् बोलण्यात मी कोणाले हार जात नाई, पण त्या एका दिवशी माही बोबडीच वळली, काय सांगू तुम्हाले.

प्रिया माही एकुलती एक पोरगी. जल्मली तवा डाव्या गालापासून कानशिलापर्यंत लालभडक डाग, बीट चोळल्यावानी. सासू म्हणे, पोटुशी असताना सूर्याले गिऱ्हान लागलं अन् तू वांगं चिरलं, लेकराले भोवलं. अन् म्या चिरलंच होतं वांगं. पंधरा वर्सं तो डाग पाहूपाहू मी सोताले कोसत राह्यली. पोरगी बाहेर निघाली की करंगळीनं काजळाची तीट लावाची, डागाच्या टोकावर, केसाखाली, कोणाची नजर नाई लागली पाह्यजे. मोठी झाल्यावर पोरगी चिडे, आई, एवढा डाग हाये, मले कोण नजर लावते? मी म्हणो, चूप बस.

मंग वर्ध्याले चामडीच्या डॉक्टरीणबाईकडे गेलतो. ती म्हणे, रक्ताच्या बारीक नळ्या जल्मापासूनच फुगल्या हायेत, लेझरचा उजेड मारून त्या आतल्या आत बंद करू, लय खेपा लागतीन, पुरा नाई गेला तरी फिका होईन. म्या दोनदा इचारलं, वांग्याचं काईच नाई? काईच नाई, म्हणे. मी बाहेर येऊन रडली, पोटभर रडली.

तिनं बजावलं होतं, लेझरले येताना पोरीचं तोंड धुऊन आणजो, पावडर नाई, काजळ नाई, काळ्या रंगावर उजेड पडला तर चामडी भाजते. त्या दिवशी धुतलं ना तोंड, दोनदा धुतलं. तिथं सिस्टरनं इचारलं, काई लावलं तर नाई? म्या म्हटलं, छे. पोरीच्या डोळ्यावर चष्मा बांधला, दार लागलं, आतून टक टक आवाज याले लागला अन् प्रत्येक आवाजाले पोरगी हुं हुं करे. मी बाकड्यावर हात जोडून बसली. अन् माही नजर माह्या करंगळीवर गेली. काळी.

बस पकडाच्या घाईत, पंधरा वर्साची सवय, बोट आपसूक डबीत गेलतं.

मी उठली अन् दोन्ही हातानं दार बडवलं. सिस्टर म्हणे, बाई, काऊन गोंधळ करून राह्यल्या? माह्या तोंडातून निघे, काजळ, काजळ, एवढंच. डॉक्टरीणबाईनं मशीन थांबवली, पोरीचे केस वर केले. गालावर जांभळे ठिपके उठलते, तीट दोन बोटं दूर होती. तिनं ती पुसली अन् म्हणे, भाजली असती वो पोरगी. म्या करंगळी पदराले घासघासून पुसली. वांग्याचा दोष माहा नव्हता, पण हा चट्टा माह्या हातचा झाला असता.

आता चार खेपा झाल्या. डाग गुलाबी राह्यला, पोरगी केस मागं बांधून कॉलेजात जाते, देव तिले सुखी ठेवो. काजळाची डबी तिनंच कुठं टाकली, मले सांगत नाई. अन् वर्ध्याले जाच्या दिवशी ती उंबऱ्यात उभी राह्यते, म्हणते, आई, हात दाखव. दहाही बोटं दाखवा लागते मले, तवा कुठं ती घरातून पाय काढते.