सतरा नंबरचा खांब

अमृतराव : एक फोन लाव सबस्टेशनला, मंजुश्री. दहा मिनटाचं काम हाय.

मंजुश्री : लावत न्हाई.

अमृतराव : सरपंच म्हणून सांगून राहिलो. नव्या लाईनीच्या उद्घाटनाला मंडप टाकलाय, पाहुणे लातूरहून निघालेत. त्यांनी बटण दाबलं अन् लाईट आली न्हाई, तर गावाची इज्जत ऱ्हाईल का?

मंजुश्री : मामा, परमिट माझ्या नावावर हाय. सकाळी मी लाईन बंद करून घेतली. मी परमिट परत केल्याबिगर तिकडचा ऑपरेटर स्विचला हात लावत न्हाई. अन् मी करत न्हाई.

प्रीतम : मॅडम, ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणून सांगतो. जाड केबल टाकलीय, खांब वादळ झेलणारे आहेत. आणखी काय पाहिजे?

मंजुश्री : केबल चांगली हाय. सोळा खांब बी चांगले, पाच-पाच फूट गाडलेत. हा शाळेपुढचा सतरावाच एकटा मान वर काढून उभा हाय. म्हणून पहाटं बुडाशी उकरून बघितलं. अडीच फुटावर खांबच संपला की हो!

प्रीतम : खाली खडक लागला. फोडायला ब्रेकर मागवला असता तर चार दिवस गेले असते. आजची तारीख वरून ठरलेली. म्हणून बुडाला सिमेंट...

मंजुश्री : थापलंय. तुळशीच्या कट्ट्यावानी. वैशाखातलं वारं तुमची तारीख इचारून येतंय का?

अमृतराव : पुढं करू दुरुस्ती. आज जुळवून घे, पोरी. वायरमन हायस तू, इंजिनेर न्हाईस.

मंजुश्री : इंजिनेर खाली उभा ऱ्हातो. वर मी चढते.

प्रीतम : मग मला वर कळवावं लागेल. तुमची नोकरी अजून पक्की व्हायचीय ना?

मंजुश्री : कळवा की. उकरलेल्या बुडाचा फोटो पाहिजे तर तो बी देते.

अमृतराव : लई तोंड चालतंय तुझं! तुझ्या आधी गुंडप्पा होता, तीस वर्षं वायरमन. कधी उलटून बोलला न्हाई. सांगितलं की चढायचा.

मंजुश्री : हाव, चढायचे. तुमच्या पुनमची हळद होती, वावधान सुटलं, लाईट गेली. तुम्ही म्हणालात, "चढ की गुंडप्पा, दहा मिनटाचं काम हाय." तो खांब बी असाच वरवर गाडलेला. खांबासंगं खाली आले काका. दोन वर्षं झाली, बाजेवर हायत. त्यांच्या हाताखाली शिकत होते मी. शिडी मीच धरली होती, मामा.

अमृतराव : त्याचं नाव काढू नको.

मंजुश्री : मी न्हाई, तुम्हीच काढलं.

प्रीतम : जुनं उकरून काय फायदा? हा खांब पक्का आहे, मी सांगतो ना!

मंजुश्री : मग चढा. लाईन बंद हाय, करंट न्हाई. ही शिडी, हा पट्टा. वर जाऊन जरा हलून दावा. तुम्ही उतरलात की लगेच फोन लावते.

प्रीतम : माझं ते काम नाही.

अमृतराव : तिचं हाय, तुझं न्हाई? चढ की, प्रीतम. दहा मिनटाचं...

(प्रीतम खांबाच्या टोकाकडे बघतो आणि शिडीपासून मागे सरकतो. अमृतरावांचा फोन वाजतो.)

अमृतराव : हाव, साहेब... या, या. हार हाय, जेवण हाय. लाईट मात्र आज न्हाई... बिघाड न्हाई, साहेब. आमच्या वायरमन बाईनं अडवलंय... न्हाई, समजवायचं काय त्यात? बरोबर हाय तिचं... ठिवतो. प्रीतम, ब्रेकर मागव.

प्रीतम : आज कुठला मिळणार? उद्या सकाळी येईल.

मंजुश्री : तवर खांबाला चारी बाजूनं दोर ताणून बांधू अन् बुडाचं सिमेंट फोडून ठिवू. मामा, घरी पहार हाय का?

अमृतराव : दोन हायत.