काळ्या मातीचं उत्तर

—नाही, नाही, कार्ड असं उलटं धरू नका, उत्तर माझ्या डोळ्यांसमोर येतंय, मग परीक्षा कसली ती? प्रश्न माझ्याकडे, उत्तर तुमच्याकडे. हां, आता धरलंत सरळ. मासा तळून होईपर्यंत तुम्हाला दुसरं काम तरी काय आहे? अलेंकेरला जाणारी तुमची बोट अजून धक्क्याला लागलेली नाही, आणि लागली तरी तिचा कप्तान दाढी करून आल्याशिवाय दोर सोडत नाही, बावीस वर्षं बघतेय मी या सांतारें शहराच्या धक्क्यावर. बसा. बोलू नका, नुसती मान हलवा—बरोबर असलं तर उभी, चुकलं तर आडवी. उद्या परीक्षा आहे माझी. हो, माझी. हसलात का? नाही ना? बरं झालं, नाहीतर शेपटीकडचा तुकडा वाढणार होते, नुसते काटे.

ब्राझीलचे जैवप्रदेश किती—सहा. पुस्तकातलं पाठ होत नव्हतं, मग मी एकेकाला आमच्या घरातलं माणूस जोडून दिलं. काटिंगा म्हणजे माझी नणंद क्लेओनिसी—वरून काटे, वर्षभर कोरडी, पण आत पाणी साठवलेलं, कुणी मेलं की धो-धो. सेरादो म्हणजे माझा पहिला नवरा. झाडाची साल जाड, आग लागली तरी काही होत नाही, आणि मुळं इतकी खोल की उपटता उपटत नाहीत—मला नऊ वर्षं लागली. पांतानालची दलदल म्हणजे दुसरा, अर्धं वर्ष भरलेला, अर्धं वर्ष उतरलेला. हसा आता, आता चालतं. पाम्पा म्हणजे दिराचं डोकं, दूरवर नजर टाका, एक झाड नाही. अटलांटिकचं जंगल म्हणजे माझे दात, होतं तेव्हा दाट होतं. आणि सहावा अमेझॉन, तो आपण. मान हलवा की! उभी? घ्या, थोडा कसाव्याच्या कंदाचा भरडा घ्या वर, लिंबू पिळा.

आता परिसंस्था. उत्पादक, भक्षक, विघटक. झाड करतं, मासा खातो, तुम्ही माशाला खाता, बुरशी तुम्हाला खाते. एवढं सोपं आहे, पण लिहितात असं की वाचणाऱ्याला वाटावं, आपल्यालाच विघटकांनी गाठलंय. आणि ‘मृदा’! माती म्हणायला जीभ झिजते का यांची? मी जन्मभर माती म्हणत आले, माझा कसावा काही उगवायचा राहिला नाही.

चौथी शिकलेय मी. ही प्रौढांची आठवीची परीक्षा. बाकीचे सगळे विषय गेल्या वर्षीच निघाले, गणितसुद्धा—राहिला हा एक भूगोल, तोही एका प्रश्नानं. एका! आणि मला तो विषय पाहिजेच. आमच्या गावच्या शाळेत स्वयंपाकिणीची जागा निघालीय, सरकारी, कायमची. आठवी पास पाहिजे म्हणे. आता सांगा, भाताला कळतं का ढवळणारी कितवी पास आहे ते? पण कागद मागतात. मिळाली तर हा धक्का सुटला, हे डिझेल सुटलं, आठवड्याचे सहा दिवस इथल्या एका मावशीच्या पडवीत टांगलेल्या झोळीत झोपणं सुटलं. घरी जाईन. माझ्या आजीच्या जमिनीवर. निकाल लगेच लागतो, पण सोमवारी अर्जाची शेवटची तारीख नसती ना, तर तुम्हाला असं वेठीला धरलंच नसतं.

तो प्रश्न? काढा, खालून तिसरं कार्ड, तेल सांडलेलं. वाचू नका, मला पाठ आहे. ‘वर्षावनातील मृदा सर्वसाधारणपणे कशी असते?’ अ, सुपीक. ब, नापीक. क आणि ड कशाला छापले होते देव जाणे. मी बेधडक अ-चा गोल काळा केला. का नाही करणार? आजीची दीड एकर जमीन, कोळशासारखी काळी, मूठ दाबली तर हाताला तुपासारखी लागते. बी थुंकलं तरी उगवतं. आमच्याकडे काळी माती म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं, मुलगी दिली जाते त्या घरात. आणि पुस्तक म्हणतं नापीक! पाऊस सगळं कस धुऊन खाली नेतो—अपक्षालन, बघा, शब्दसुद्धा येतो मला—कस असतो तो झाडात, पानात, वरच्या पातळ थरात. थर गेला की संपलं. मी म्हटलं, पुस्तक लिहिणारा कधी आमच्याकडे आला नसेल. समासात तसं लिहिलंही होतं मी. यंत्र तपासतं, ते समास वाचत नाही.

खा, खा, गार होतंय. मासा जरा गार झाला की काटा टोचतो. आणि तुमची ती कुंडी जरा इकडे सरकवा, माझ्या कढईच्या वाफेनं रोप सुकेल. मिरचीचं का? बायकोसाठी? बघू—

कुठून घेतलीत? आबिमाएलच्या रोपवाटिकेतून? विचारतेय नुसतं. त्याच्या कुंड्यांतली माती काळी असते, सगळ्या शहराला माहीत आहे. थांबा, बोट घालते, काही होत नाही रोपाला. हे बघा. खापर. कडेला नखानं टोचल्यासारखी नक्षी, दिसली? ही अशी आमच्या जमिनीत पायलीभर निघतात. जुन्या लोकांची. म्हणजे ही माती... सोडा. कार्ड कुठलं चाललं होतं?

अहो, असे बघू नका माझ्याकडे! चोरी झाली नाही काही. मीच विकली. गोणी भरभरून, स्वतःच्या फावड्यानं, दोन उन्हाळे. माझी ग्रासिएली मानाउसला नर्सिंग शिकते, तिथे राहायचं, खायचं, मासे तळून भागतं का ते? जमीन विकली नाही मी, जमीन आहे जागेवर! नुसती वरची... वरचा थर. आणि खाली काय निघालं माहीत आहे? पिवळी. चिकट, पिवळी, घट्ट. गेल्या पावसात कसावा लावला, बोटाएवढी मुळं धरली. मी उभी राहिले त्या खड्ड्याच्या काठाला आणि पहिलं काय आठवलं असेल तर तो ब-चा गोल. पुस्तक लिहिणारा आला नव्हता, पण मीच खणून दाखवलं त्याला. ग्रासिएलीला ठाऊक नाही अजून. फोनवर म्हणते, आई, सुट्टीत आले की पणजीच्या काळ्या मातीत मिरच्या लावू. मी म्हणते, लावू गं, ये तर.

झालं का खाऊन? ताट द्या—अहो! काय करताय! काटे नदीत नाही! हो, बावीस वर्षं मीच टाकत आले, म्हणून तुम्हीही टाकणार? इकडे, या डब्यात. चुलीतला कोळसाही त्यातच, कसाव्याची सालंही त्यातच. गेल्या पावसाळ्यात विद्यापीठातली एक मुलगी इथेच बसली होती, तुम्ही बसलात तिथेच. तिनं सांगितलं, ती काळी माती जंगलानं नाही दिली, माणसांनी केली. जुन्या बायका चुलीतला कोळसा, माशांचे काटे, फुटकी मडकी घरामागे टाकत राहिल्या, टाकत राहिल्या, पिढ्यान्‌पिढ्या, आणि नापीक मातीची ती काळी माती झाली. म्हणजे बघा, पुस्तकही खरं, आजीही खरी. फक्त मीच मधे अ-चा गोल काळा करून बसले. मी तिला विचारलं, किती वर्षं लागतात? म्हणाली, शेकडो. मी म्हटलं, बरं. उद्या परीक्षा झाली की दुपारच्या बोटीनं हा डबा नेणार, खड्ड्यात ओतणार, गेल्या आठवड्याचा ओतला तसाच. आणि शाळेचं स्वयंपाकघर मिळालं ना, तर साठ मुलांच्या ताटातले काटे रोजचे! त्यासाठी ब-चा गोल असा काळा करीन, असा ठासून, की कागदाला भोक पडेल.

भोंगा वाजला. उठा. रोपाला पाणी बेतानं घाला, या मातीला फार लागत नाही. कार्डं द्या, सगळी, तेलाचं वर ठेवा. आणि ते खापर—ते कुठे नेताय? रोप तुमचं, खापर माझं. टाका त्या डब्यात. हां. आता निघा, बोट थांबणार नाही—ए बाई, तुला काय वाढू? वाचता येतं का तुला?