मोराच्या पोटातली भोकं

नाय, नाय, तो मोबाईल आधी खिशात घाला, हितेशशेट. बघितला फोटो. तीनदा बघितला. पर्गोला बघितला, पेव्हर ब्लॉकची वाट बघितली, ते पांढरे गोटे पण बघितले — एका पावसात शेवाळ धरतात ते, मंग बसा घासत दातांच्या ब्रशनं! ते सगळं करून देतो, तुमची बाग, तुमची हौस. पण डोंगराकडच्या भिंतीत भोकं नकोत म्हणता? का, तर दिसायला बरी नाय दिसत. आणि साप येतील. वा! साप काय गेटावरची घंटी वाजवून येतो? — ह्या निडी गावचा पाऊस बघितलाय कधी? कुठनं बघणार, तुमी येता थंडीत, पोपटी खायला. इथं अख्खा डोंगर पाणी पितो आणि भिंतीमागं येऊन उभा राहतो. त्याला वाट नको? आमच्या खाडीकडं शेंबडं पोर पण सांगेल — खारबांध घातला की पाणी जायला त्यात दार ठेवायचं, उघाडी म्हणतात त्याला. अडाणी माणसं, पण उघाडी नाय विसरली. तुमच्या त्या पुण्याच्या आर्किटेक्ट बाईंच्या नकाशात कारंजं हाय, झोपाळा हाय, भिंतीला टेकून आईसाठी बाक हाय — पाण्याला वाट तेवढी नाय!

काय? माझ्या घरची भिंत? कोणी सांगितलं तुमाला? — व्हय, पडली. परसातली. मीच बांधलेली, भोकं पण ठेवलेली, चार. मंग मे महिन्यात पोरीचा साखरपुडा, मुंबईचे व्याही येणार, म्हणून हमरापुरातनं आदेश पेंटर आणला. गणपतीचे डोळे लिहिणारा माणूस, त्यानं भिंतीवर हा एवढा मोर काढला. आणि भोकं आली नेमकी मोराच्या पोटात. तो म्हणाला, राहू द्या काका. मीच म्हटलं, छ्या, मोराला काय गोळ्या घातल्यात? — घमेलंभर माल कालवला आणि बुजवली. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या ह्याच हातांनी. मोर झकास दिसला. आषाढापर्यंत. चंद्रावती, माझी बायको, भिंतीखाली अळू कापत बसलेली...

हाय, हाय, जिवंत हाय. डावा पाय वाकत नाय. पाऊस लागला की लंगडत नव्या भिंतीशी जाते, काठीनं एकेक भोक टोचून बघते. आणि मी कुठलंही काम करून घरी गेलो, की पाण्याचा तांब्या देते आणि एकच विचारते — "भोकं सोडली ना, वो?"

काय म्हणता? भोकांना टोपणं? पाहुणे आले की लावायला?

द्या तो माझा ओळंबा इकडं. नाय, बसत नाय, चहा नको. दुसरा गवंडी बघा, शेट, पेणेत पायलीला पन्नास मिळतील. आणि आईचा बाक तेवढा तिथनं हलवा.