सरांनी बापाले बोलावलं

तुमचे सर कडक होते म्हणता, पण आमच्या भिलाईच्या कॉलेजातल्या इकॉनॉमिक्सच्या सरांपुढं ते काहीच नाही. गृहपाठ केला नाही का एकच हुकूम, "बाप को लेकर आओ, नहीं तो परीक्षा में नहीं बैठने दूँगा!"

एक दिवस माहा डिमांड कर्व काढायचा राहिला. सर गरजले, "कल बाप को लाना!"

आता मले सांगा, कुठून आणू? बाबा तर मागच्याच बेंचवर बसून होते! स्टील प्लांटमध्ये प्रमोशनसाठी त्यांले बीए पाहिजे होतं, म्हणून दुपारची शिफ्ट मागून घेऊन ते सकाळी माह्याच वर्गात यायचे. कॉलेजात एकमेकांले ओळख दाखवायची नाही, असं आमचं घरी ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "कहाँ है बाप?"

मागून बाबा उभे राहिले.

"तुम क्यों खड़े हो गए? तुम्हारा भी कर्व नहीं बना?"

"नहीं बना, सर. और मैं इसका बाप हूँ."

अख्खा वर्ग खिदळायला लागला. सर लालबुंद झाले. "बाप होकर तुमने भी नहीं बनाया?"

"सर, ये बनाएगा तभी तो मैं उतारूँगा!"

सरांनी दोघांलेही बाहेर काढलं. टपरीवर बाबांनी दोन चहा सांगितले आन माह्यावरच डाफरले, "रोज अभ्यास करत जा रे पोट्ट्या! तुह्यापायी माहं प्रमोशन अडकून राहिलं!"