जागृत दगड

पूनम : आज्जी, त्या दगडावरनं उठा ना. टेम्पो वेशीपर्यंत आलाय.

गिताबाई : येऊ दे की. मी बी दगडासंगं जाते पाबळला. म्हातारी फुकट.

पूनम : चेष्टा नका करू. गुरुजी स्वतः म्हणाले, दगड जागृत आहे. पाबळच्या ध्यानशिबिरात मधोमध बसवणार आहेत.

गिताबाई : परवा ह्याच्यावर हात ठिवून, डोळं मिटून बसले व्हते, तेच ना? मला वाटलं चक्कर आली. मी कांदा आणाया धावले.

पूनम : त्यांना कंपनं जाणवली.

गिताबाई : मागं पाण्याची मोटर चालू व्हती.

पूनम : बरं, मग मधला हा खळगा? इतका गुळगुळीत? शेकडो वर्षांच्या साधनेशिवाय असं होत नाही म्हणाले.

गिताबाई : साधना झालीया खरी. पर मेंढरांची.

पूनम : म्हणजे?

गिताबाई : मिठाचा दगड हाय त्यो. आमचे मालक तळेगावच्या बाजारातनं खडेमीठ आणायचे, सांजचं ह्याच्यावर टाकायचे. सगळा कळप चाटायला. मी नवरी म्हणून आले तवा सपाट व्हता. जिभांनी खळगा पडला.

पूनम : हे गुरुजींना का नाही सांगितलं?

गिताबाई : सगळ्यांनी मौन पाळा म्हणाले. पाळलं.

पूनम : पण मला इथं झोप लागते, आज्जी. कारेगावहून कंपनीतनं आले की डोकं नुसतं भणभणत असतं. गोळ्यांनी लागली नाही, ती ह्याला टेकले की लागते. ते काय खोटं?

गिताबाई : खोटं कशाला? मेंढरं बी मीठ चाटलं की हितंच बसायची, रवंथ करत. तू टेकलीस की तशीच दिसतीस.

पूनम : नातसुनेला मेंढी म्हणताय.

गिताबाई : लेकरं व्हती ती माझी. कळप इकल्यावर मालक मरेस्तोवर रोज सांजचं येऊन ह्याच्यावर हात ठिवायचे. ह्यो गेला तर मी सांजचं कुठं बसू, पूनम?

(बाहेर टेम्पोचा हॉर्न.)

पूनम : आता त्यांना काय सांगू?

गिताबाई : मोटरीपाशी धुण्याचा दगड हाय, त्यो दे. माझ्या सासूनं, मी, तुझ्या सासूनं, सगळ्यांनी राग त्याच्यावरच आपटलाय. शक्ती लई.

पूनम : हात लावला की कळेल त्यांना.

गिताबाई : मोटर चालू कर.

पूनम : ...करते. तुम्ही उठू नका.