घोडीजवळचा पिकअप आणि देवरामचा गळा

भीमजी मिस्त्रींसारखा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. साठ सालानंतरची गोष्ट. शहाद्याच्या आमच्या बँडमध्ये मी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो आणि देवराम गायचा. गिटारच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीजवळचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारी कॉइल, भलताच कर्कश होता. त्याच्यावर आवाज चढवून देवरामचा गळा बसायचा.

एक दिवस रनाळ्या गावच्या लग्नाची सुपारी आली, तेव्हा तो म्हणाला, "रनाळानं लगीन व्हयनं का मी बँड सोडसू."

मी घाबरून गिटार भीमजी मिस्त्रींकडे नेली. ते पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचे. मला आवाज मऊ आणि भरीव हवा होता. त्यांनी वेगवेगळ्या वेढ्यांच्या तीन कॉइली हातानं गुंडाळल्या. मी तिन्ही वाजवून बघितल्या आणि दुसरी पसंत केली.

मिस्त्री म्हणाले, "तुले कोनी इचारं? देवरामले बलाव."

देवराम आला. प्रत्येक कॉइल जोडून त्यांनी त्याला तेच गाणं म्हणायला लावलं. गिटारकडे ते बघतच नव्हते, त्यांची नजर देवरामच्या मानेवर होती. तिसऱ्या वेळी त्याच्या शिरा फुगल्या नाहीत. मिस्त्रींनी तीच कॉइल बसवायला घेतली.

मी म्हटलं, "ही मला मिळमिळीत वाटते."

देवरामच्या गळ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तुन्हा हात थकत नही. त्यान्हा गया थकस."

रनाळ्याला देवराम वरात संपेपर्यंत मोकळ्या गळ्यानं गायला. सामान आवरताना मी गिटार खोळीत घालत होतो. त्यानंच विचारलं, "पुढनं लगीन कोठे शे?"