अर्धा राहिलेला पडदा

काका : नको म्हटलं ना. भूक नाही.

शिकाऊ : दोन चमचे, काका. नुसतं सूप आहे, चावायचंसुद्धा नाही.

काका : ठेव तिथे. नंतर घेतो.

ड्रायव्हर : नंतर म्हणजे माझ्या पोटात.

काका : तू गप रे.

ड्रायव्हर : का गप? सिस्टर, परवापासून यांचं दूध मी पितोय, पाव मी खातोय. मला वाटलं, काय दिलदार माणूस, शेजार लाभावा तर असा! आज सकाळी मोठे डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा वाढतोय, असंच चाललं तर उद्या नाकातून नळी घालू. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

शिकाऊ : पण ताटं तर रिकामी जायची!

ड्रायव्हर : जाणारच. माझा पाय मोडलाय, पोट नाही.

शिकाऊ : काका, खरं हे?

काका : खुब्याचं हाड मोडलेल्या माणसानं खाऊन काय दिवे लावायचेत? पडूनच राहायचं.

शिकाऊ : हाड जुळायला अन्न लागतं.

काका : आणि खाल्लं की पुढचं सगळं आलं.

शिकाऊ : पुढचं म्हणजे?

काका : मला काय विचारतेस? परवा भांडं द्यायला तूच होतीस की.

शिकाऊ : काका... परवा मला चक्कर आली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. म्हणून मी मध्येच...

काका : हे बघ बाई, मी सलूनवाला. आयुष्य गेलं खुर्चीमागे उभं राहून समोरच्या आरशात माणसांचे चेहरे बघण्यात. गिऱ्हाईक तोंडानं ‘छान’ म्हणतं, पण आवडलं की नाही ते मला आधीच कळलेलं असतं. चक्कर आलेला चेहरा वेगळा. तुझा दोष नाही. मी सॉरी म्हटलं होतं तुला. ऐकलंस की नाही कुणास ठाऊक, तू पळालीस.

शिकाऊ : ऐकलं. बेसिनपाशी होते मी, ओकाऱ्या काढत. हो काका, घाण वाटली मला. तुमची.

ड्रायव्हर : अहो सिस्टर, त्यात काय एवढं, मलासुद्धा पलीकडून...

काका : तू गप!

शिकाऊ : मला सिस्टर नका म्हणू. शिकतेय अजून, आणि तेही धड नाही. आधी कापडाच्या दुकानात होते मी, काउंटरवर. गिऱ्हाइकानं अख्खं कपाट उलगडायला लावावं आणि काही न घेता उठून जावं, तरी माझ्या कपाळावर आठी नाही. मालक नव्या मुलींना सांगायचे, हिच्याकडे बघून शिका. त्यात आईचं शेवटी सगळं मीच केलं. काही वाटलं नाही तेव्हा. म्हटलं, आपल्याला हे जमतंय, तर हेच करू. नवरा म्हणाला, चाळिशीत कसली शाळा? तरी हट्टानं आले.

काका : आई आपली असते.

शिकाऊ : हो. ते इथं येऊन कळलं. वर्गातल्या पोरी मला मावशी म्हणतात, पण काम त्यांना जमतं. गप्पा मारत मारत करतात. आणि मी बेसिनपाशी. घरी नवऱ्यानं विचारलं, कसा गेला दिवस? म्हटलं, छान. पण घास उतरेना. तुम्ही मला सॉरी म्हणालात, काका. तुम्ही!

काका : मग काय म्हणायला हवं होतं?

शिकाऊ : म्हणायचं तर मी होतं. कालचा अख्खा दिवस मी त्या टोकाच्या खाटांकडेच फिरत राहिले, इथं यायचं धाडस होईना. आज मोठ्या सिस्टरनी ढकलून पाठवलं, तुझा पेशंट आहे, तूच भरव म्हणून. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला. आणि तुम्ही इथं माझ्यामुळे उपाशी! मी सोडणार आहे हे सगळं. दुकानात घेतील मला परत. पण तुम्ही खा. मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवते.

काका : म्हणजे परत पळणार. लाज काय तुला एकटीलाच आहे? लेकीच्या वयाच्या बाईसमोर मी उघडा पडतो इथं. डोळे मिटून घ्यायचो. मिटले की निदान कोण बघतंय ते दिसत नाही. परवा नेमके उघडले. आता दुसरी पाठवशील, म्हणजे तिच्यापुढे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तुझ्यापुढची निदान होऊन तरी गेली.

शिकाऊ : आणि परत माझं तोंड वाकडं झालं तर?

काका : होईलच. होऊ दे. पण पडदा तसा टाकून जाऊ नकोस.

शिकाऊ : कसा?

काका : अर्धा राहिला होता.

शिकाऊ : म्हणजे तुम्ही... तसेच?

ड्रायव्हर : मी भिंतीकडे तोंड केलं होतं, सिस्टर. देवाशपथ, काही बघितलं नाही. मग झाडूवाल्या मावशी आल्या, त्यांनी ओढला.

शिकाऊ : मला माहीतच नव्हतं. काका, मला खरंच...

काका : रडू नकोस आता. सूप गार होतंय.

शिकाऊ : थांबा, मी भरवते.

काका : हात शाबूत आहेत माझे. इकडे दे.

ड्रायव्हर : पाव तरी मला...

काका : नाही.

(वाटी रिकामी होते. पावही संपतो. थोड्या वेळानं शिकाऊ रिकामं ताट उचलते.)

काका : सिस्टर.

शिकाऊ : मी? हं, काका?

काका : ते... भांडं आणतेस का?

ड्रायव्हर : वळलो मी भिंतीकडे.

शिकाऊ : आणते, काका. आधी पडदा नीट ओढून घेते.